न दिसणारा सांधा आणि अनुमानाचा अधिकार

रेझिस्टन्स स्पॉट वेल्डिंगमधला सांधा डोळ्यांना दिसत नाही. एकावर एक ठेवलेले दोन पत्रे तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये दाबून धरतात आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका वेळ आठ-दहा हजार अँपिअर प्रवाह सोडतात. पत्र्यांच्या मधोमध पोलाद वितळते आणि दाबाखालीच थिजते. वर उरतो तो नुसता वाटोळा खळगा. आतला गोळा, म्हणजे नगेट, पुरेसा झाला का हे प्रत्यक्ष पाहायचे तर छिन्नी घालून पत्रे उलगडावे लागतात. सांधा पक्का असेल तर एका पत्र्याला बटणासारखा गोल तुकडा चिकटून येतो, दुसऱ्याला भोक पडते. पण तपासलेला सांधा तपासण्यातच संपतो. मोटारीच्या सांगाड्यात असे हजारो सांधे असतात आणि गाडीबरोबर रस्त्यावर जातात ते न उलगडलेलेच. त्यांच्याविषयीचे ज्ञान मग कशावर उभे राहते? न्यायदर्शनाच्या भाषेत उत्तर एकच: अनुमानावर.

न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी दाटलेल्या ढगांवरून पुढच्या पावसाचे अनुमान 'पूर्ववत्' म्हटले आहे आणि नदीच्या पुरावरून वर होऊन गेलेल्या पावसाचे 'शेषवत्'. इलेक्ट्रोडच्या टोकाची, म्हणजे टिपेची, झीज पाहून पुढचे सांधे कच्चे निघतील असे म्हणणे पहिल्या जातीचे. वेल्डिंग चालू असताना बदलत जाणाऱ्या विद्युतरोधावरून आत काय घडले ते ओळखणे दुसऱ्या जातीचे.

टिप झिजते म्हणजे ती आखूड होते एवढेच नव्हे. उष्णता आणि दाबाने तिचे तोंड पसरते. 5 मिलिमीटर व्यासाचे तोंड 6 मिलिमीटर झाले, तर क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढते. प्रवाह तेवढाच राहिला, तरी दर चौरस मिलिमीटरला तो सुमारे 69 टक्केच पोहोचतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होत असल्याने तिची तीव्रता जवळजवळ निम्म्यावर येते. अ‍ॅमीटरचा काटा मात्र तसूभरही हललेला नसतो. 'प्रवाह ठीक आहे, म्हणून सांधा ठीक आहे' या युक्तिवादातला हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, म्हणूनच सव्यभिचार ठरतो: साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसतानाही आढळणारा.

अनुमानावरचा असाच आक्षेप न्यायसूत्रांनी स्वतःच मांडला आहे. नदी फुगते ती खाली बांध घातल्यानेही. मग पुरावरून पाऊस कसा मानायचा? उत्तर असे की नुसते फुगलेले पाणी हा हेतूच नव्हे. वेगवान प्रवाह, फेस, वाहून आलेली फळे, पाने, लाकडे यांसह आलेला पूर हा हेतू. चूक अनुमानाची नसून अर्धवट खूण पुरेशी मानणाऱ्याची आहे. हे उत्तर पटण्यासारखे आहे आणि कारखान्यातही तेच लागू पडते: विद्युतरोधाचा आलेख, वितळताना इलेक्ट्रोडांचे किंचित सरकणे, सर्व्हो मोटरवर चालणाऱ्या वेल्डिंग गनने मोजलेली टिपेची घटलेली लांबी आणि कार्बन पेपरवर उमटलेला तिच्या तोंडाचा ठसा या खुणा एकत्र जुळल्या की अनुमानाला बळ येते.

ठराविक स्पॉट झाले की टिप ड्रेसिंग करायचे, म्हणजे टिपेचे तोंड कापून पुन्हा आकारात आणायचे, किंवा मोजणीनुसार प्रवाह पायरीपायरीने वाढवायचा, ही पद्धत सोयीची आहे. पण तिच्यात उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट, दडलेली आहे. 'जेथे अग्नी तेथे धूर' हे तापलेल्या लोखंडी गोळ्यापाशी फसते, कारण धुराला ओले सरपण लागते. मोजणीचेही तसेच. साध्या पत्र्यावर खरी ठरलेली संख्या गॅल्वनाइज्ड पत्र्यावर चालत नाही. त्यावरच्या मुलाम्यातले जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळते, टिपेच्या तांब्यात मिसळून पितळ बनते आणि टिप झपाट्याने बिघडते. टिप थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रवाह मंदावला, तरी संख्या तीच राहते आणि झीज वाढते.

नैयायिक परतःप्रामाण्य मानतात: ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानातूनच कळत नाही, त्यावर विसंबून केलेली कृती यशस्वी झाली की ठरते. सेन्सर कितीही आले, तरी ठराविक अंतराने एखादा नमुना छिन्नीने उलगडून पाहणे म्हणूनच सुटत नाही. सेन्सरचे अनुमान खरे की खोटे हे शेवटी त्या बटणाच्या मोजलेल्या व्यासावरच ठरते.