दुकानाच्या पानावरचा बाहेरचा कोड

ऑनलाइन दुकानाच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये दुकानदाराला हवे ते सगळे असतेच असे नाही. वस्तूंचे फोटो सरकवणारी पट्टी, पिनकोडवरून शहराचे नाव भरण्याची सोय, ग्राहकाशी बोलण्याची खिडकी यांसाठी बाहेरची जावास्क्रिप्ट लायब्ररी जोडली जाते. पानात एक स्क्रिप्ट टॅग घातला की काम होते. मात्र त्याबरोबर त्या कोडला पानाचे सगळे अधिकार मिळतात: ग्राहक टाइप करतो ती प्रत्येक अक्षरखूण तो वाचू शकतो.

जोडण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. शॉपिफायमध्ये फाइल थीमच्या असेट्स फोल्डरमध्ये ठेवून लेआउटमधून बोलावतात. मॅजेंटो २ मध्ये रिक्वायरजेएस हा लोडर असतो. लायब्ररीचे नाव आणि फाइलचा मार्ग कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवायचा, आणि ज्या घटकाला ती लागते त्याने ती नावाने मागायची. जुन्या लायब्ररीला जेक्वेरी ही दुसरी लायब्ररी आधी हवी असेल, तर 'शिम' लिहून तसे सांगावे लागते. नवशिक्याला हे जाचक वाटते. पण ते टाळून थेट टॅग घातला, की पानावर दुसरी जेक्वेरी येऊन पहिलीवर जोडलेले प्लगइन नाहीसे होतात, आणि बिघाड भलत्याच ठिकाणी दिसतो.

क्रम चुकला तर पान मोडते आणि चूक निदान दिसते. कोड बदलला गेला तर काहीच दिसत नाही. ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर 2018 मध्ये हेच घडले. तिथल्या मॉडर्नायझर लायब्ररीच्या फाइलला हल्लेखोरांनी जेमतेम 22 ओळी जोडल्या. पैसे भरणाऱ्या प्रवाशांच्या कार्डाचा तपशील त्यातून परस्पर बाहेर गेला. 4 लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती धोक्यात आली आणि 2020 मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 2 कोटी पौंडांचा दंड केला. फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावर होती, म्हणजे प्रत स्वतःजवळ ठेवणे पुरेसे नाही. दुसऱ्याच्या पत्त्यावरून कोड मागवणे तर त्याहून जोखमीचे. पॉलिफिल डॉट आयओ हा पत्ता 2024 मध्ये नव्या मालकाकडे गेला आणि काही महिन्यांतच त्यावर विसंबलेल्या लाखभर संकेतस्थळांकडे घातक कोड जाऊ लागला.

फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, टॅगमध्ये लिहिला, तर बदललेली फाइल ब्राउझर चालवत नाही. ही सोय 2016 पासून प्रमाणित आहे. पॉलिफिलला ती लावता येत नव्हती, कारण ती सेवा प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल देई. असा कोड पैसे भरण्याच्या पानावर असूच नये. कार्डव्यवहारांच्या पीसीआय डीएसएस नियमांनुसार 31 मार्च 2025 पासून त्या पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची नोंद, तिला दिलेली परवानगी आणि ती का लागते याचे लेखी कारण ठेवावे लागते. शॉपिफायने चेकआउटचे पान थेट बदलण्याची मुभाच काढून घेतली. त्यावर कुरकुर झाली, तरी निर्णय योग्य होता: विक्रीची मोजदाद करणाऱ्या स्क्रिप्ट आता वेगळ्या कप्प्यात चालतात आणि कार्डाच्या रकान्यांपर्यंत त्या पोचत नाहीत.