आईच्या नाकाची साक्ष

तान्ह्या बाळाच्या अंगाला दुधाचा, टाळूवरच्या तेलाचा आणि अंघोळीनंतरच्या धुरीचा वास असतो. चालू-बोलू लागलेल्या मुलाच्या अंगाला माती, घाम आणि खाऊ यांचा वास येतो आणि अंघोळीबरोबर तो निघून जातो. काही मुलांचा वास मात्र जात नाही. स्वच्छ न्हाऊ घातले, धुतलेले कपडे चढवले, तरी तासाभरात तोच कुबट किंवा कुजका दर्प परत येतो. अशा वेळी घरात सर्वांत आधी शरम वाटते. साबण बदलला जातो, उटणे लावले जाते, पावडर थापली जाते आणि मुलाला ‘घाणेरडा’ म्हणून दटावले जाते. या खटपटीत आजाराची एक खूण झाकून जाते, शिवाय बारीक पावडर श्वासाबरोबर आत गेल्यास लहान मुलाच्या फुफ्फुसांना अपाय होतो. वास हे रोगाचे लक्षण असू शकते आणि ते डॉक्टरांच्या आधी आई, आजी किंवा पाळणाघरातल्या बाईंना कळते. त्यांच्या सांगण्याला तपासणीच्या अहवालाइतके वजन द्यायला हवे.

ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो. सर्वांगावर असलेल्या घामग्रंथी जन्मापासून काम करतात आणि त्यांतून पाणी व क्षार बाहेर पडतात. काखेतल्या आणि जांघेतल्या निराळ्या ग्रंथी जन्मतः असल्या तरी वयात येण्याच्या सुमारास कार्यरत होतात. त्यांच्या स्रावावर त्वचेवरचे जिवाणू पोसले जातात आणि मोठ्या माणसाच्या काखेचा परिचित वास तयार होतो. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या काखेला मोठ्यांसारखा उग्र वास येऊ लागला, तर तो अस्वच्छतेचा पुरावा ठरत नाही. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींनी आपली संप्रेरके लवकर स्रवायला सुरुवात केली असण्याचा संभव असतो. मुलींमध्ये आठ आणि मुलांमध्ये नऊ वर्षांच्या आधी असे दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बहुतेक मुलांमध्ये काळजीचे कारण निघत नाही. पण त्याबरोबर केस येणे, मुरुमे किंवा उंची एकदम वाढणे अशी लक्षणे असतील, तर संप्रेरकांची तपासणी टाळू नये.

सर्वांगाला घाण वास येतो अशी तक्रार असली, तरी उगम कित्येकदा एका नाकपुडीत असतो. दोन ते पाच वर्षांची मुले चिंचोका, हरभरा, मणी, खोडरबराचा तुकडा किंवा गादीतला फोम नाकात घालतात आणि विसरून जातात. काही दिवसांनी त्याभोवती पू धरतो. एकाच नाकपुडीतून दाट, पिवळसर, दुर्गंधी शेंबूड येत राहतो आणि दर्प एवढा पसरतो की मुलाच्या अंगालाच घाण येते आहे असे वाटते. केवळ अंगाच्या वासासाठी आणलेल्या मुलाच्या नाकातून असा तुकडा निघाला आणि वास नाहीसा झाला, असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते, म्हणून एकाच बाजूने वाहणारे दुर्गंधी नाक हे अडकलेल्या वस्तूचेच समजून चालावे. घरी चिमट्याने किंवा काडीने ती काढू पाहिल्यास ती आणखी आत सरकते. खेळण्यातली किंवा घड्याळातली चपटी बटण-बॅटरी गेल्याचा संशय असेल तर सकाळची वाट पाहू नये. काही तासांत ती नाकाचा पडदा जाळू शकते.

तोंडाचा वास किडलेले दात, सुजलेले टॉन्सिल किंवा तोंडाने श्वास घेण्याची सवय यांमुळे येतो. कानातून पू येत असेल तर केसांनाच वास लागला आहे असे वाटते. लहान मुलीच्या योनिमार्गात कागदाचा वा कापडाचा तुकडा अडकल्यानेही दुर्गंधी, कधी रक्तमिश्रित स्राव होतो. अशा वेळी तपासणी संयमाने व्हावी आणि लैंगिक अत्याचाराची शक्यता डॉक्टरांनी लक्षात घेतलेली असावी.

बद्धकोष्ठामुळे येणारा वास सर्वांत सामान्य आणि सर्वांत गैरसमज झालेला आहे. आतड्याच्या शेवटी शौचाचा घट्ट खडा साठतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला लागते. आतडे ताणले गेल्याने मुलाला ते कळत नाही आणि सततच्या वासाला त्याचे नाक सरावलेले असते. तो आळशीपणाने चड्डी घाण करतो असे समजून त्याला मार बसतो, मग तो शौच आणखी दाबून धरतो. शौच मऊ करणारे औषध कित्येक महिने द्यावे लागते. शिक्षेने हा विकार वाढतोच.

कपड्यांचा वास वेगळा ओळखावा. कोकणात पावसाळ्यात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत आणि दमट कापडात वाढणारे जिवाणू आंबूस वास निर्माण करतात. एकाच खोलीत चूल आणि वाळत घातलेले कपडे असतील तर तो धुराचा वासही घेऊन मूल शाळेत येते. अशा मुलाला वर्गात मागच्या बाकावर बसवणे हा त्याच्या घराच्या दारिद्र्याचा त्याच्यावर काढलेला राग आहे. तो अन्याय रोज होतो, म्हणून तो कमी होत नाही.

वास त्वचेतून, लघवीतून आणि श्वासातून एकसारखा येत असेल, तर चयापचयातील बिघाडाचा विचार करावा लागतो. या विषयातले सर्वांत मोठे पाऊल एका आईच्या चिकाटीमुळे पडले. नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलान यांच्या लिव्ह आणि डाग या दोन मुलांची बौद्धिक वाढ खुंटली होती आणि दोघांनाही विचित्र, कुबट वास येत असे. त्या वर्षानुवर्षे डॉक्टरांकडे फिरल्या, पण वासाकडे कोणी लक्ष दिले नाही. १९३४ साली वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ असलेल्या आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी मुलांची लघवी तपासली. फेरिक क्लोराइड घातल्यावर ती हिरवी झाली. तो रंग नेहमीच्या तपासणीत दिसणारा नव्हता. औषधे थांबवून पुन्हा पुन्हा नमुने घेत त्यांनी त्यातले फेनिलपायरुव्हिक आम्ल वेगळे केले. प्रथिनांतल्या फेनिलअ‍ॅलनिनचे विघटन न झाल्याने मेंदूला इजा करणारा हा विकार पुढे फेनिलकीटोन्युरिया म्हणून ओळखला गेला. एगेलान यांच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. पण १९५३ मध्ये होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी फेनिलअ‍ॅलनिन कमी असलेल्या आहाराचा उपयोग दाखवला, आणि १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीने नवजात बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब कागदावर घेऊन वास येण्याआधीच निदान होऊ लागले.

दुसऱ्या एका विकारात लघवीला आणि कानातल्या मळाला जळक्या साखरेच्या पाकासारखा वास येतो. ल्युसिनसारख्या तीन अमिनो आम्लांचे विघटन त्यात अडते. बाळ पहिल्या आठवड्यातच दूध सोडते, सुस्त होते आणि उपचाराविना दगावते. पण मेथीतल्या सोटोलोन या घटकाचाही वास तसाच असतो. बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले तर निरोगी बाळाच्या अंगालाही तो येऊ शकतो. त्यामुळे आईच्या खाण्याची चौकशी आधी व्हावी. बाळ मात्र सुस्त असेल, दूध ओढत नसेल किंवा उलट्या करत असेल, तर मेथीचे कारण पुढे करून थांबू नये. पायमोज्यांसारख्या घामट वासाचा आयसोव्हॅलेरिक आम्लाचा विकारही असाच झपाट्याने बळावतो. हे विकार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतात. म्हणून मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्ने होणाऱ्या घराण्यांत, विशेषतः पूर्वी तान्ही बाळे दगावली असतील तर, वासाची तक्रार अधिक गांभीर्याने घ्यावी.

मोठ्या मुलाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत असेल आणि त्याला खूप तहान, वारंवार लघवी, पोटदुखी किंवा धाप असेल, तर तो मधुमेहाचा गंभीर टप्पा असू शकतो. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून रुग्णालय गाठणे भाग असते. उपाशी पोटी किंवा उलट्यांनंतर येणारा तसा वास जेवल्यावर कमी होतो.

डॉक्टरांकडे जाताना मुलाला अत्तर-पावडर लावू नये. वास कोठून येतो, कधीपासून, कोणत्या पदार्थानंतर वाढतो, तापात किंवा उपवासात बदलतो का, हे लिहून न्यावे. घरातल्यांचे नाक सरावलेले असते, म्हणून बऱ्याच दिवसांनी आलेल्या मावशीला काय जाणवले तेही विचारावे. न धुतलेली बनियन बंद पिशवीत नेता येते.

ही टाचणे विशेष उपयोगी पडतात ती ट्रायमिथायलामिन्युरियात, कारण त्यातला सडक्या मासळीसारखा वास येतो-जातो आणि दवाखान्यात नेमका नसतो. समुद्री मासे, अंडी, काळीज आणि सोयाबीन यांतून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथायलामिन तयार करतात आणि यकृतातले विकर सदोष असल्याने ते घामातून बाहेर पडते. किनाऱ्यावरच्या घरात रोजच्या बांगड्या-बोंबलांच्या वासात ते सहज दडून जाऊ शकते. ठरावीक आहारानंतरच्या लघवीच्या तपासणीने निदान होते. किंचित आम्लधर्मी साबणाने त्वचेवरचा वास कमी होतो. असे पदार्थ मर्यादित ठेवायचे असतात, पण आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय सगळेच बंद करू नयेत, कारण त्यांतले कोलीन वाढत्या मेंदूला लागते. शिक्षकांना विश्वासात घेऊन हा जन्मजात विकार आहे एवढे सांगावे. मुलालाही त्याच्या वयाला समजेल तसे हेच सांगावे. काही लहान मुलांमध्ये हे विकर वयाबरोबर पुरेसे तयार होते आणि वास आपोआप थांबतो.