खिंडारांत उभा राहणारा

वाचावयाचे भाग : यहेज्केल २२:२३-३१, लूक १४:१-६



यहेज्केल संदेष्ट्याच्या काळीं देशाच्या तटास खिंडार पडलें होतें, आणि त्यांत जाऊन उभें राहणाऱ्या एका माणसाचा शोध परमेश्वर करीत होता. त्या अध्यायांत याजक, सरदार, संदेष्टे सर्व आहेत. तरी असा एकही मिळाला नाहीं.

हें वाचितांना हॉलंड देशांतील एक गोष्ट आठवते. तो देश पुष्कळसा समुद्राच्या पातळीखालीं आहे. लोक मातीचे बांध घालून त्यांच्या आड रहातात. सन १९५३ च्या जानेवारीच्या ३१ तारखेस रात्रीं मोठें तुफान झालें. वाऱ्यानें समुद्र नद्यांच्या मुखांत लोटला, जागोजाग बांध फुटले, आणि त्या देशांत १,८३६ माणसें मेलीं. हॉलंडशे आयसेल नदीच्या एका बांधास दगडांचें अस्तर नव्हतें, आणि त्याच्या मागच्या सखल प्रदेशांत सुमारें ३० लक्ष लोक रहात होते. न्यूवेरकेर्क गांवापाशीं पहांटे साडेपांचच्या सुमारास तो बांध फुटला. वाहत्या धारेंत टाकलेलें पोतें दुसरें येईपर्यंत निघून जातें, हें ज्यानें पावसाळ्यांत शेताचा बांध धरिला आहे त्यास सांगावयास नको.

तेव्हां नगराध्यक्षानें नदींतील एक मालवाहू गलबत ताब्यांत घेतलें, आणि त्याचा तांडेल आरी एव्हेग्रून ह्यास तें खिंडारांत घालण्याची आज्ञा केली. गलबताचें नांव 'दोघे बंधु' असें होतें. तें भगदाडांतून पलीकडे कोसळेल ह्या भयानें त्यानें एक लहान होडी बरोबर घेतली. तरी तो गेला. गलबत खिंडारावर दाराप्रमाणें आडवें बसलें. ज्या पाण्यानें बांध फोडला, त्याच पाण्यानें गलबत बांधाशीं दाबून धरिलें, आणि मग पोतीं टिकूं लागलीं.

तो रविवार होता. प्रभूच्या दिवशीं माती वाहावी काय, असें कोणी विचारील. विहिरींत पडलेल्या बैलाविषयीं प्रभूनें परूश्यांस प्रश्न केला, तेव्हां त्यांस उत्तर देतां आलें नाहीं. उपदेशकांनीं स्पष्ट सांगावें कीं, नदी चढत असतां उपासनेची घंटा लोकांस बांधाकडे बोलाविण्यासाठीं वाजवावी.

प्रत्येक खिंडार बुजतेंच असें मात्र नाहीं. पुण्याजवळ आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण पुरें होण्यापूर्वींच सन १९६१ च्या पावसाळ्यांत भरलें व खचूं लागलें. लष्कराच्या जवानांनीं रात्रीं पावसांत त्यावर पोतीं रचिलीं. १२ जुलैस सकाळीं धरण फुटलेंच. खालचें खडकवासल्याचें धरणही गेलें, व पुण्यांतील नदीकांठची वस्ती बुडाली. तर ती मेहनत व्यर्थ गेली काय? जें पाणी अंधारांत निजलेल्या लेंकरांवर यावयाचें, तें दिवसाउजेडीं आलें. तेवढ्या कांहीं तासांनीं किती जीव वांचले, तें देवास ठाऊक. व्यसनी घराण्यापाशीं वर्षानुवर्षें जाऊन निराश झालेल्या शिक्षकबंधूंनीं ह्या जवानांचा विचार करावा. घर सुधारलें नसेल. पण त्यांतलें एखादें मूल तेवढ्या अवधींत बाहेर निघालें असेल.

हॉलंडच्या लोकांनीं पुढें गलबतावर भिस्त ठेविली नाहीं. सन १९५८ त त्याच नदीवर वरखालीं होणाऱ्या दाराचा अडसर त्यांनीं पुरा केला. आपल्या नदीकांठच्या मंडळ्यांनींही वैशाखांतच बांध पहावा, घुशींचीं बिळें बुजवावीं, रिकामीं पोतीं कोरड्या जागीं ठेवावीं. रात्रीं कोणी कोणास उठवावें, म्हातारीं व आजारी माणसें कोणत्या घरीं आहेत, हें पाळकास ठाऊक असावें. त्याच बांधाच्या आड आपल्याशीं अबोला धरणारेही रहातात. त्यांचीं दारें प्रथम ठोठवावीं.