पांढरा पिंपळ आणि प्रमाण

इन्फ्रारेड फोटोत पिंपळ पांढराशुभ्र होतो, कृष्णेचं पाणी आणि आकाश काळंभोर, आणि बघणारा हमखास म्हणतो, "हे झाडाचं खरं रूप!" आमच्या आळीतले कीर्तनकार अण्णा तर थेट गीतेच्या अकराव्या अध्यायावर गेले. दिव्यदृष्टी म्हणे! मला हे मान्य नाही.

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर मी भर दुपारी ट्रायपॉड लावतो. एरवी फोटोग्राफर ज्या उन्हाला नावं ठेवतात तेच इथे हवं. 720 नॅनोमीटरचा फिल्टर डोळ्याला जवळजवळ काळाच, म्हणून आधी फोकस, मग फिल्टर. त्यात साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असतेच. तिच्यातून जे झिरपेल त्यासाठी शटर कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात पानं हललीच. पिंपळच तो!

पांढरेपणाचं कारण असं, की हरितद्रव्य इन्फ्रारेड प्रकाश जवळपास शोषतच नाही. पानातल्या पेशी आणि त्यांच्यामधली हवा तो इतस्ततः विखरून बाहेर टाकतात. रॉबर्ट वुड यांनी 1910 मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून हा 'वुड परिणाम'. अण्णांना यात झाडाचं चैतन्य दिसतं. मग मी तोरणातून उरलेली, सकाळीच तोडलेली आंब्याची डहाळी पायरीवर ठेवली. तीही तितकीच पांढरी! शेजारी अण्णांची काळी छत्री होती, तीसुद्धा फिकट आली. नैयायिक याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतील: साध्य (चैतन्य) नाही तिथेही हेतू (पांढरेपणा) हजर.

वाई हे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं गाव, वाद एवढ्यावर थोडाच मिटतो! "मग हे प्रत्यक्ष की अनुमान?" अण्णांनी विचारलं. न्यायसूत्रांनुसार प्रत्यक्षाला इंद्रिय आणि विषय यांचा संनिकर्ष लागतो. या प्रकाशाची न् माझ्या डोळ्याची गाठच पडलेली नाही. प्रत्यक्ष दिसतो तो कागद. झाडाबद्दल मी अनुमान करतो.

"चष्म्यातून बघतोस तेही अनुमानच का रे?"

नाही. चष्मा तोच प्रकाश डोळ्यापर्यंत पोचवतो. इथे तो सेन्सरवरच संपतो. साध्या फोटोचंही तसंच, पण तो घाटावर जाऊन पडताळता तरी येतो.

खरी अडचण व्याप्तीची, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या अढळ सोबतीची. धूर आणि अग्नी स्वयंपाकघरात एकत्र पाहिलेले असतात, म्हणून डोंगरावरच्या धुरावरून अग्नी कळतो. न दिसणारा प्रकाश आणि कागदावरचा पांढरा ठिपका एकत्र पाहिले कोणी? डोळ्यांनी कोणीच नाही. पण 1800 मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याच्या तांबड्या टोकापलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला, आणि पारा चढला. म्हणजे या प्रकाशाची पहिली ओळख पटली ती उष्णतेवरून. आणि न्यायमतात उष्णता हा त्वचेचा विषय, डोळ्याचा नव्हे. दिव्य म्हणायचंच तर अण्णांनी दिव्यस्पर्श म्हणावं.

अण्णांना हे पटलेलं नाही. फोटो मात्र त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावायला मागितला. मी दिला, खाली फिल्टरचा आकडा लिहून.