कागद नसलेला वाटसरू



गेल्या पावसाळ्यात इशाची नमाज आटोपून मी मस्जिदीचे दार लावीत होतो. बल्लारशाह स्टेशनवर उतरलेला एक तरुण समोर आला. गवंडीकामासाठी त्याला हैदराबादकडे जायचे होते. बोलणे बंगाली वळणाचे. जवळ ओळखपत्र नाही. ‘मी येथे दहा वर्षांपासून राहतो, असे मस्जिदीच्या कागदावर लिहून द्या. गाडीत कोणी अडविले तर दाखवीन,’ एवढेच त्याने मागितले. मी नकार दिला. तो निमूटपणे गेला आणि मी दार लावून घेतले. मी योग्य केले काय?

खोटे पत्र नाकारणे योग्यच होते. खोटी साक्ष ही प्रेषितांनी (स.) महापापांत गणली आहे. सहानुभूतीपोटी दिली म्हणून ती खरी होत नाही. शिवाय पकडला गेला असता, तर बनावट कागदाने त्याच्यावर आणखी एक गुन्हा चढला असता.

परंतु त्याची भीतीही खोटी नव्हती. संविधानाचे कलम १९ देशभर संचार करण्याचा हक्क केवळ नागरिकांना देते. ‘मी परकीय नाही’ हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकला होता आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तसाच ठेवला आहे. वस्तीत माणसाला शेजारी ओळखतात. प्रवासात त्याच्या वतीने फक्त कागद बोलतो. जून २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या काही मजुरांना महाराष्ट्रात बांगलादेशी समजून ताब्यात घेतले गेले व सीमेपलीकडे धाडले गेले. ते भारतीय असल्याचे दिसून आल्यावर त्यांना परत आणावे लागले.

बोलीवरून देश ठरविणे किती फसवे आहे, हे आपल्या दोन जिल्ह्यांहून अधिक कोणाला ठाऊक असणार? पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली हिंदू निर्वासितांना शासनाने मुलचेरा व चामोर्शीच्या जंगलपट्ट्यात वसविले. चंद्रपूर शहरात तर ‘बंगाली कॅम्प’ नावाची वस्तीच आहे. तरीही त्या तरुणाचे दोन शब्द ऐकताच मी मनात त्याला ‘बांगलादेशी’ ठरवून टाकले होते. सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत ज्या संशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे, तो हाच.

आणि तो खरोखरच परदेशी, विनापरवाना आलेला असता तर? सूरह अत-तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीच्या आठ हक्कदारांत ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटसरू आहे. घरी तो संपन्न असला तरी वाटेत निराधार झाला की हक्कदार ठरतो. त्याच सूरहच्या ६ व्या आयतीत आश्रय मागणाऱ्या मूर्तिपूजकालाही सुरक्षित स्थळी पोहोचविण्याची आज्ञा आहे. मक्केतील छळातून निघालेल्या मुस्लिमांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, त्यांना परत सोपविण्यास नकार दिला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणी स्पष्ट केले की, जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे.

म्हणून वाचकहो, खोटा कागद नाकारणे आणि माणूस नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी पहिली करताना दुसरीही करून बसलो. त्याला जेवण देता आले असते. सकाळपर्यंत थांब, घरी फोन कर, खरी कागदपत्रे असतील तर मागवून घे आणि मगच पुढे जा, असे सांगता आले असते. अटक झालेल्यास २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते आणि कोठडीतील माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो, हेही सांगता आले असते. यात कायद्यापासून लपविण्यासारखे काहीच नव्हते.

प्रवाशाची दुआ स्वीकारली जाते, असे हदीसमध्ये आले आहे. त्या रात्री फलाटावर बसून त्याने काय मागितले असेल, हा विचार मला अजून सोडत नाही. तुमच्या दारी असा कोणी आला तर सत्य सोडू नका आणि त्यालाही सोडू नका. अल्लाह आपणा सर्वांना ही सद्बुद्धी देवो. आमीन.