कात्री लागलेली कड

घरात गोळ्यांची एखादी अर्धी स्ट्रिप असेलच. ती तळहातावर घ्या. लगेच वाचू नका. जिथे कात्री चालली, त्या कडेवरून फक्त बोट फिरवा. जरा टोचते ना?

आता मनाने छत्रपती संभाजीनगरला, घाटीत या. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचं हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. इथे मराठवाडाभरातून माणसं येतात. हातात केसपेपर, काखेत पिशवी. औषधखिडकीपुढच्या रांगेत तुम्हीही उभे राहा. आतून हात येतो आणि त्याबरोबर शब्द, ‘मावशी, सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर.’ लगेच पुढचा नंबर.

त्या हातापाशी थांबा. हायड्रॅलाझिन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझिन खाजेचं. सकाळी ताज्या डोळ्यांनी या दोन नावांतला फरक दिसतो. दुपारपर्यंत शेकडो केसपेपर वाचून झाल्यावर अक्षरं एकमेकांत मिसळू लागतात. हात तोच, माणूसही प्रामाणिक, पण डोळे दमलेले. हे दमणं एक श्वासभर स्वतःच्या डोळ्यांत अनुभवा.

यंत्र इथे उपयोगी पडतं. बारकोडची पद्धत जिथे पूर्ण रुजली आहे, तिथे प्रत्येक गोळी स्वतंत्र आवरणात असते आणि त्या आवरणावर तिचं नाव आणि बारकोड असतो. परिचारिका रुग्णाच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करते, मग गोळीचं आवरण. जुळलं नाही तर संगणक तिला तिथेच सावध करतो. अशी यंत्रं प्रत्येक सरकारी रुग्णालयात यावीत, असं मला मनापासून वाटतं. साठ्याच्या हिशेबासाठी सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने घडवलेली ई-औषधी प्रणाली राज्यात आलीच आहे. पण गोदामातला साठा कळणं वेगळं आणि खाटेवरच्या माणसाला त्याचीच गोळी मिळणं वेगळं.

घाटीपासून पाणचक्की जवळच आहे. तिथेही घटकाभर बसा. दूरवरून मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर इथलं जातं फिरायचं, तिथल्याच दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळायचं. हात न लावता चालणारं यंत्र या शहराने अठराव्या शतकातच पाहिलं आहे. मात्र जात्यात गहू पडला की खडा, हे पाण्याला कधीच कळलं नाही. ते पाहायला धान्य घालणारा जागा असावा लागे. संगणकाचंही तसंच: त्यात चुकीचं नाव भरलं गेलं, तर तेच नाव तो न चुकता प्रत्येक खिडकीवर पोचवील. म्हणून नोंद करणाऱ्या औषधनिर्मात्याला उसंत हवी. यंत्राने वाचवलेला वेळ त्याच्यापाशीच राहू द्यावा. त्या वेळेच्या जोरावर त्याची माणसं कमी करू नयेत.

पुन्हा तळहाताकडे या. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० औषध-ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो स्कॅन केला की बॅच आणि मुदत कळते. कात्रीनंतर उरलेल्या तुमच्या तुकड्यावर कोड आहे? मुदतीची तारीख आहे? निदान नाव पूर्ण वाचता येतं? सावकाश पाहा.

नसेल, तर पुढच्या वेळी, खिडकी कुठलीही असो, एवढं नक्की सांगा, ‘दादा, नाव आणि मुदत कागदी पाकिटावर लिहून द्या.’