दंड घातलेलं लुगडं

नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, वरच्या थरावरच बसते. म्हणून निळीत बुडवलेला कपडा सगळीकडे सारखा विटत नाही. अंग जिथे जास्त राबतं, तिथे तो आधी पांढुरका पडतो. उत्तर जपानमधल्या आओमोरी भागातल्या शेतकऱ्यांचे जुने अंगरखे छायाचित्रांत पाहताना हे लगेच डोळ्यांत भरतं. खांद्यावर ओझ्याची खूण आणि कोपरावर, गुडघ्यावर कामाची. त्या विटक्या जागांवर ठिगळं, आणि ठिगळं विरली की त्यांच्यावर पुन्हा ठिगळं.

आओमोरीच्या थंडीत कापूस पिकत नसे. दक्षिणेकडच्या शहरांतून जुन्या सुती कपड्यांचे तुकडे गलबतांतून येत. बायका ते विकत घेत आणि धावदोऱ्यानं एकावर एक शिवत. एकाच कपड्यावर सासूचे आणि सुनेचे टाके शेजारी शेजारी असत. महायुद्धानंतर हाती पैसा आला, तशी लोकांना या चिंध्यांची लाज वाटू लागली. त्या दिवसांत चूझाबुरो तानाका हे संशोधक खेडोपाडी फिरून असे कपडे गोळा करत राहिले. त्यांनी जमवलेले टाक्यांचे 786 कपडे पुढे जपान सरकारनं लोकसंस्कृतीचा ठेवा म्हणून नोंदवले. आता अशा ठिगळांच्या कपड्यांना, म्हणजे ‘बोरो’ला, जगभर मोठ्या किमती येतात.

हैदराबादच्या नारायणगुड्यात बसून हे वाचलं की मन आपल्या गोधड्यांकडे वळतं. 1956पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी तिकडची माणसं इकडे यायची. निजामाच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर त्यांतलेच. त्यांच्या स्मरणार्थ 1940 साली निघालेली शाळा अजून नारायणगुड्यात आहे. या कुटुंबांच्या वळकट्यांतून गोधड्याही आल्या.

त्यांतली एक मी इथल्या एका ओळखीच्या घरी नीट न्याहाळली. एका कडेला ती उसवली होती. वर फुलाफुलांचं पातळ, त्याखाली धोतराचा पिवळसर पडलेला पन्ना, आणि अगदी आत काळ्या चंद्रकळेचा तुकडा. चंद्रकळेला दंड घातलेला होता. नऊवारी लुगडं मधोमध विरलं, की तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. तो दिसू नये म्हणून बायका नेसताना निऱ्यांत लपवायच्या. इथले टाके इतके बारीक, की बोट फिरवल्यावरच हाताला लागले. कापडाचं वय संपत आलेलं असताना कुणीतरी त्यावर एवढा जीव ओतला होता.

“हे लुगडं कुणाचं?” मी त्या घरच्या काकूंना विचारलं.

“सासूबाईंच्या आईचं असावं,” त्या म्हणाल्या. नाव मात्र त्यांना आठवेना, घरातल्या दुसऱ्या कुणालाही आठवेना.

तेव्हापासून हे माझ्या मनातून जात नाही. असं लुगडं पाहून आपण पटकन हळहळतो, नाहीतर त्या काटकसरीचं कौतुक करतो. दोन्ही वेळा दंड घालणारीचं काम नजरेआड होतं. कोणता काठ अजून चार पावसाळे टिकेल, कोणता तुकडा आत घालायचा, कोणता वर मिरवायचा, हे तिनं दिव्याच्या उजेडात एकटीनं ठरवलं असणार. निळीचंच पाहा. गोवळकोंड्याच्या काळात याच मुलखातली नीळ मछलीपट्टणहून डच व्यापारी परदेशी नेत. ती पिकवणाऱ्या माणसाच्या अंगावरचा एखादा कपडा जपलेला मला कुठे पाहायला मिळालेला नाही. दंड घालणारीचंही तसंच व्हावं, हे मला सोसत नाही.

गोधड्या उन्हात घालायचे दिवस आले, की एवढं जरूर करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारा: हे कुणाचं लुगडं, हे कुणाचं धोतर, टाके कुणी घातले, कोणत्या गावी? मिळतील तेवढी नावं पांढऱ्या फडक्यावर पक्क्या शाईनं लिहा आणि ते फडकं गोधडीच्या उलट्या बाजूला कोपऱ्यात शिवून टाका. आजी अजून बोलत्या आहेत, तोवरच हे होईल.